मरीआईचा दहीभात

आषाढ लागला, पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरींकडे वाहू लागले आणि घरोघर लहान मुलांना हगवण लागू लागली, की खानदेशातील जुनी माणसे आजही मरीआईचे नाव घेतात, आणि गावकुसाबाहेर लिंबाखालच्या शेंदूर फासलेल्या पाषाणापुढे दहीभाताचा नैवेद्य ठेवला जातो. शिंदखेडा तालुक्यातील आमचे नरडाणा एका अंगाने सुरत–भुसावळ लोहमार्गाने आणि दुसऱ्या अंगाने मुंबई–आग्रा हमरस्त्याने बाहेरच्या मुलुखाशी जोडलेले असल्यामुळे, आणि आता तर येथे औद्योगिक वसाहतही उभी असल्यामुळे, नव्या काळाच्या वस्तू येथे विनासायास येऊन पोहोचतात; त्यांतलीच एक म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी ‘प्रोबायोटिक’ची पुडी, जिच्यात रोग्याच्या आतड्यात सोडावयाचे जिवंत जंतू कोरड्या भुकटीच्या रूपाने सुप्तावस्थेत राखलेले असतात. ही पुडी आणि तो नैवेद्य यांची सांगड घालणारा एक विचार अलीकडे सुशिक्षितांच्या तोंडी फार ऐकू येतो. तो असा, की दह्यातील हितकर जंतूंचे गुण आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी पटकीच्या देवतेला दहीभात वाहण्याची चाल घातली, आणि विज्ञानाने आज जे सिद्ध केले ते धर्माने कधीच सांगून ठेवले होते. हा विचार मांडणाऱ्यांच्या मनात परंपरेविषयी आदर आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु या विचाराने धर्माचीही हानी होते आणि ज्ञानाचीही, असे माझे मत आहे, आणि ज्या घरात मूल आजारी आहे त्या घरात ही हानी निव्वळ वैचारिक राहत नाही, म्हणून तिचा विस्ताराने विचार करणे अवश्य आहे.

प्रथम त्या आचाराकडेच नीट पाहू. ज्या काळी पटकी, वाखा, महामारी या नावांनी ओळखला जाणारा कॉलरा हा रोग गावात शिरला, की सकाळी शेतावर गेलेला माणूस रात्रीपर्यंत स्मशानात पोहोचे, त्या काळी ही देवता गावाच्या वेशीवर पुजली जाई. कारण ती वेशीबाहेरून आली आणि वेशीबाहेरच परत जावी, अशी गावाची प्रार्थना असे. तिचा कोप हा दाह मानला जाई, म्हणून तिला दही, भात, लिंबाचा पाला अशा शीतल वस्तू अर्पण करावयाच्या. आता या नैवेद्याचे पुढे काय होई, याकडे लक्ष द्यावे. तो दहीभात रोग्याच्या मुखी जात नसे. तो वेशीकडे नेला जाई आणि तेथे ठेवला जाई. जर चालीचा हेतू आतड्यात हितकर जंतू पोहोचवण्याचा असता, तर घरात तळमळणाऱ्या रोग्यास सोडून ते दही पाषाणापुढे ठेवण्यात कोणता अर्थ होता? वैद्यकीय स्पष्टीकरण येथे आचाराला लागूच पडत नाही. ते लागू करावयाचे तर आचाराचा मुख्य भाग, म्हणजे अर्पण, वगळावा लागतो, आणि ज्यातून अर्पण वगळले तो नैवेद्य राहत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की ‘परंपरा सांगते’ असे म्हणून आपण जिला साक्षीस उभी करतो, ती परंपरा एका मुखाने बोलत नाही. चरकसंहितेत ग्रहणी आणि अर्श या व्याधींच्या चिकित्सेत तक्राची, म्हणजे ताकाची, मोठी थोरवी गायिली आहे, आणि घराघरातली सासू सुनेला ‘पोर्‍याले ताक पाज वं माय’ असे जे सांगते त्यात त्या थोरवीचा दूरचा प्रतिध्वनी असावा. पण तीच संहिता दही आणि ताक यांत स्पष्ट भेद करते, दही रात्री खाऊ नये म्हणते, आणि शरद, ग्रीष्म व वसंत या ऋतूंत ते बहुधा निंद्यच ठरवते. चातुर्मासाच्या व्रतांकडे वळावे तर श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्य वर्ज्य करण्याचा दंडक आहे. म्हणजे हगवणीचा जोर असणाऱ्या पावसाळ्याच्या ऐन महिन्यात धर्मशास्त्र दह्याचा त्याग पुण्यकारक मानते, तर वैद्यशास्त्राने त्या ऋतूत दह्यास तशी बंदी केलेली नाही. आमच्या भागातील जैन व्यापारी कुटुंबांत कडधान्य आणि कच्चे दही एकत्र खाण्याचा निषेध आहे, कारण त्या संयोगात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात व भक्षणाने त्यांची हिंसा होते, अशी त्यांची धारणा आहे. एका परंपरेने दही देवीला वाहिले, दुसरीने महिनाभर सोडले, तिसरीने त्यातील जीवांच्या दयेने त्यास मर्यादा घातली. या साऱ्यांतून आपल्या आजच्या मताला अनुकूल तेवढा दाखला उचलावयाचा आणि बाकीचे दप्तर बांधून ठेवावयाचे, हा परंपरेचा आदर नव्हे. ज्याची साक्ष घ्यावयाची त्याची संपूर्ण जबानी ऐकली पाहिजे.

आता पुडीची हकीकत. हितकर जंतूंच्या कल्पनेचा आरंभ बहुधा एल्या मेचनिकॉफ या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञापासून केला जातो. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल त्यास 1908 साली पॉल एहरलिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास त्याने असे मत मांडले होते, की आतड्यात कुजकट द्रव्ये निर्माण करणाऱ्या जंतूंमुळे माणूस लवकर म्हातारा होतो, आणि आंबट दुधातील जंतूंनी त्यांना आवर घालता येतो. बल्गेरियातील शेतकरी आंबट दूध पितात व दीर्घायुषी होतात, हे त्याने त्याचे प्रमाण म्हणून पुढे केले. पुढे पहिल्या महायुद्धात, 1917 साली, आल्फ्रेड निस्ले या जर्मन वैद्याला असा एक सैनिक आढळला, की ज्याचे सोबती आमांशाने पडत असता तो मात्र निरोगी राहिला. त्याच्या विष्ठेतून निस्लेने एक जंतू वेगळा केला. इंडोचायनात पटकीची साथ चालू असता काही लोक लिची व मँगोस्टीन या फळांच्या सालींचा काढा पितात, हे पाहून आंरी बूलार या फ्रेंच माणसाने त्या सालींवरील एक किण्व वेगळे केले, आणि ते आजही औषध म्हणून विकले जाते. जपानात मिनोरू शिरोता यांनी निवडलेल्या जंतूचे आंबट दूध 1935 पासून बाजारात आले.

या कथा मनोरम आहेत, आणि त्यांतील निरीक्षण सूक्ष्म आहे. परंतु निरीक्षण म्हणजे सिद्धी नव्हे, हे आमच्या शेजारच्या अमळनेरात, जेथे 1916 साली श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, त्या गावाच्या माणसांना निराळे सांगण्याची जरूर पडू नये. न्यायशास्त्राचा आपला वारसा या बाबतीत फार कडक आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करावयाचे तर धूर तेथे अग्नी, एवढा अन्वय सांगून भागत नाही. अग्नी नाही तेथे धूरही नाही, हा व्यतिरेक पाहावा लागतो, आणि मध्ये एखादा उपाधी लपलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, तर त्यात कार्यकारणभाव पाहू नये, म्हणून काकतालीय न्याय सांगितला आहे. बल्गेरियातील शेतकऱ्याच्या दीर्घायुष्यात आंबट दुधाखेरीज स्वच्छ हवा, कष्ट, अल्पाहार, किंबहुना वयाच्या नोंदींतील ढिलाई, असे किती उपाधी असतील!

हगवणीच्या बाबतीत तर ही सावधगिरी विशेष अवश्य आहे, कारण लहान मुलाची साधी तीव्र हगवण, अंगातील पाणी टिकवून धरले तर, बहुधा आठवड्याच्या आत आपोआप थांबते. जो रोग स्वभावतःच उतरणार, त्यावर तिसऱ्या दिवशी जे काही दिले त्यालाच गुण आल्यासारखे दिसते. मग ते ताक असो, अंगारा असो, पुडी असो की वैद्याचे भारी औषध असो. मुलाला बरे वाटले हे आईने प्रत्यक्ष पाहिलेले असते, आणि त्या प्रत्यक्षास खोटे म्हणण्याचे कोणालाही कारण नाही. तिची चूक, असलीच तर, प्रत्यक्षात नाही, त्यावरून काढलेल्या अनुमानात आहे. या अनुमानास व्यतिरेकाची जोड देण्यासाठीच आधुनिक वैद्यकाने ती पद्धत काढली, ज्यात रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवयोगाने पाडावयाचे, एकास औषध व दुसऱ्यास तसेच दिसणारे निर्गुण द्रव्य द्यावयाचे, आणि कोणास काय दिले हे देणाऱ्यास व घेणाऱ्यास दोघांसही कळू द्यावयाचे नाही. मला ही पद्धत परकी वाटत नाही. अन्वय आणि व्यतिरेक यांचा जो आग्रह आपल्या नैयायिकांनी धरला, त्याचेच हे परिश्रमपूर्वक केलेले आचरण आहे.

या पद्धतीने पाहिले असता पुडीची हकीकत कशी दिसते? कोलकात्यातील राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेने तेथील झोपडवस्तीतील एक ते पाच वर्षांच्या 3,758 मुलांवर एक प्रयोग केला आणि तो 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या मुलांना शिरोता यांच्या जंतूचे, म्हणजे सुमारे साडेसहाशे कोटी जिवंत जंतू असलेले, पेय बारा आठवडे रोज दिले. हगवण त्यांच्यात कमी झाली खरी, पण संरक्षणाचे प्रमाण 14 टक्के होते. याचा अर्थ लाभ काही अंशी आहे, परंतु तो एवढा नाही की त्याच्या भरवशावर पाण्याचा बंदोबस्त सोडावा. उपचाराच्या बाजूस चित्र आणखी मंद आहे. 2010 साली सर्व उपलब्ध प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा हगवणीचा काळ सुमारे एका दिवसाने घटतो असे दिसले होते. पुढे 2018 साली अमेरिकेत 971 आणि कॅनडात 886 मुलांवर झालेल्या दोन मोठ्या, काटेकोर प्रयोगांत, पुडी घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत फरक आढळला नाही. आणि 2020 साली 82 प्रयोगांचा, बारा हजारांहून अधिक रोग्यांचा, पुन्हा हिशेब झाला, तेव्हा दोन दिवसांहून अधिक रेंगाळणाऱ्या हगवणीत या जंतूंनी बहुधा फारसा फरक पडत नाही, असा निर्वाळा मिळाला. प्रतिजैविक औषधे चालू असता मुलांना जी हगवण लागते, तिच्या प्रतिबंधापुरता पुरावा अधिक अनुकूल आहे: 33 प्रयोगांच्या 2019 मधील हिशेबात ती पुडी घेणाऱ्यांपैकी 8 टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांपैकी 19 टक्क्यांना झाली. हे समजण्यासारखेही आहे. प्रतिजैविक औषध आतड्यातील मूळच्या जंतूंची वस्ती उजाड करते, आणि त्या मोकळ्या जागी बाहेरून आलेले सौम्य जंतू काही काळ ठाण मांडून, आम्ल निर्माण करून, आतड्याच्या अस्तराला चिकटण्याच्या जागा अडवून, अपायकारक जंतूंना शिरकाव करू देत नाहीत.

येथे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला एक गोष्ट विशेष रस घेण्यासारखी वाटेल. एका प्रयोगात सिद्ध झालेला गुण हा त्या जातीचा नसतो. तो त्या जातीतील एका विशिष्ट वाणाचा असतो. एकाच नावाच्या जंतूंचे दोन वाण आतड्यात अगदी निराळे वागू शकतात; आणि 2001 साली जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी जी व्याख्या केली, तिच्यात जंतू जिवंत असणे, ते पुरेशा मात्रेत असणे आणि त्यापासून सेवन करणाऱ्यास लाभ होणे, या तिन्ही अटी घातल्या. आपल्या घरचे विरजण या व्याख्येत बसत नाही, कारण शेजारणीकडून वाटीभर मागून आणलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या त्या विरजणात कोणते वाण किती आहेत हे कोणी मोजलेले नसते. शिवाय उकळत्या कढीत, जी आमच्याकडे फुणक्यांबरोबर एवढ्या आवडीने खातात, त्यातील बहुतेक जंतू मरूनच जातात. याने दही हीन ठरत नाही. ते उत्तम अन्न आहे, दुधातील शर्करेचा काही अंश त्यात आंबून गेलेला असल्यामुळे हगवणीत ते दुधापेक्षा पोटास सोसते, आणि ज्या मुलाला ते आधीपासून चालते त्याला आजारपणात देण्यास हरकत नाही. पण अन्न म्हणून त्याची योग्यता निराळी आणि औषध म्हणून त्याची सिद्धी निराळी. एकीच्या पुण्याईवर दुसरी मागणे हा एक गुण आहे म्हणून दुसराही गृहीत धरण्याचा दोष आहे.

याच दोषाचे दुसरे रूप म्हणजे, जे पवित्र आणि सात्त्विक ते निरपायच असणार, ही समजूत. 2023 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अकाली जन्मलेल्या अर्भकांना असे जिवंत जंतू देण्याविरुद्ध इशारा दिला, कारण अशा एका अर्भकाच्या रक्तातच ते जंतू पसरले व ते दगावले. उलट ओडिशातील खेड्यांत चार हजारांहून अधिक नवजात मुलांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, योग्य वाण योग्य मुलांना आठवडाभर दिल्यामुळे रक्तातील जंतुदोष व मृत्यू मिळून 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. एकाच प्रकारचा उपाय एका बालकाला तारतो आणि दुसऱ्याला मारतो, तेव्हा विवेक हा श्रद्धेच्या विरुद्ध बाजूचा पक्षकार नसून बालकाच्या बाजूचा वकील आहे, हे मान्य करणे प्राप्त होते.

आणि ज्याविषयी विवेक ठाम आहे, ते आपल्या हाताशी असताना मागे पडते, ही मला सर्वांत वाईट वाटणारी गोष्ट आहे. 1971 साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत असता आणि शिरेतून द्यावयाचे द्रव संपले असता, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले, आणि त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आले. हगवणीत मारतो तो मुख्यतः जलक्षय; आणि आतडे बिघडलेले असले तरी साखरेच्या संगतीने ते क्षार व पाणी शोषून घेऊ शकते, हे या उपायाचे रहस्य आहे. आजीच्या ‘ताक पाज’ या सल्ल्यात मीठ घातलेले पातळ ताक असेल तर त्यातही द्रव देण्याचा थोडा गुण आहे. पण याच आजीच्या पिढीत ‘हगवण लागली आहे, पाणी बंद करा’ हा दुसरा सल्लाही तेवढ्याच अधिकाराने दिला जाई, आणि त्याने किती मुले गेली याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. वडीलधाऱ्यांवरील प्रेम आपण कमी करू नये; पण त्यांचे कोणते वाक्य आप्तवाक्य मानावे हे प्रत्येक वेळी पारखून घेणे, हेच त्यांच्या वारसाचे कर्तव्य आहे. आप्त तो, ज्यास वस्तू यथार्थ कळलेली आहे आणि जो ती यथार्थ सांगू इच्छितो. केवळ वय किंवा नाते यांनी ते पद मिळत नाही, असे आपलेच शास्त्र म्हणते.

मग मरीआईच्या दहीभाताचे काय करावे? जर तो औषध नाही, तर त्याची चाल टिकवण्याचे कारण काय, असे विचारणारा तरुण उद्धट नाही. त्याला उत्तर मिळाले पाहिजे. माझे उत्तर असे आहे, की धर्माला जेव्हा उपयुक्ततेच्या कचेरीत जाऊन शिफारसपत्र आणावे लागते, तेव्हा आपण त्याचा स्वतःचा अधिकार आधीच गमावलेला असतो. उद्या एखाद्या प्रयोगाने दही निरुपयोगी ठरवले तर नैवेद्य बंद करावयाचा काय? आणि अधिक गुणकारी पुडी निघाली तर देवीपुढे पुडी ठेवावयाची काय? तो नैवेद्य माणसाच्या एका निराळ्या अवस्थेतून जन्मला: ज्या अवस्थेत त्याच्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते, आणि तरीही जे आपल्याला मारण्यास आले आहे त्याच्यापुढे त्याने शस्त्र न धरता अन्न धरले. भयाचे असे आतिथ्य करणे, जिच्यापासून मृत्यू येतो तिलाच आई म्हणणे, यात जी मनाची उंची आहे ती जंतूंच्या मोजणीने वाढत नाही व घटतही नाही. ज्या घरातले मूल सर्व उपाय करूनही गेले, त्या घरातील आईला टक्केवारी काही सांगू शकत नाही. तिच्या दुःखात गाव सामील आहे, एवढे मात्र वेशीपर्यंत एकत्र चालणारी माणसे सांगू शकतात. ते काम वैद्यकाचे नाही, आणि वैद्यकाने ते करावे अशी अपेक्षाही नाही.

वैद्यकाचे जे काम आहे, ते मात्र आता दारापर्यंत येते: 2014 पासून दर पावसाळ्याच्या तोंडाशी अतिसार नियंत्रणाची सरकारी मोहीम निघते, आणि आशा कार्यकर्ती पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरी क्षारांची पुडी आणून देते. ती पुडी सबंध एका लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावी, अर्धी अर्ध्या पेल्यात नव्हे. प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे पाजावे. सहा महिन्यांवरील मुलास जस्ताची 20 मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस द्यावी, हगवण मध्येच थांबली तरी. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवावे. आणि डोळे खोल गेले, मूल सुस्तावले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. जंतूंची पुडी कोणी लिहून दिली तर वाण कोणता, मात्रा किती आणि या मुलाला ती कशासाठी, हे तीन प्रश्न नम्रपणे विचारण्याचा अधिकार प्रत्येक आईला आहे, आणि त्यांची उत्तरे देणे हे लिहून देणाऱ्याचे काम आहे.